तीनशे नव्व्याण्णव रुपयांचा दोडका

पोरगा पुण्याला असतो, मे महिन्यात सुट्टीला आला आणि म्हणाला बाबा तुमची गच्ची नुसती वाया चाललीये, एशियन व्हेजिटेबल्स लावा. मी हो-नाही म्हणेपर्यंत त्यानं मोबाईलवरून बियांचा किट मागवला पण. ३९९ रुपये, सहा पाकिटं. पाक चोय, डायकॉन, यार्डलाँग बीन, बिटर मेलन, चायनीज ओक्रा, विंटर मेलन. नावं वाचूनच मला आपण शांघायला राहतो असं वाटायला लागलं.

मेमध्ये आमच्या गच्चीवर अनवाणी गेलं तर तळपायाची कडक भाकरी होते, म्हणून जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर पेरलं. नळाला पाणी चार दिवसाआड, तेव्हा तांदूळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं, जे मिळेल ते पाणी बादलीत साठवून मी दोन जिने चढतोय, आणि घरात पाहुणा आला तरी आधी नजर त्याच्या अर्ध्या राहिलेल्या ग्लासाकडं.

पहिला मान पाक चोयचा. फोटोत कसे पांढरेशुभ्र जाड देठ! आमचं वीतभर पण झालं नव्हतं तोच मधून सटकन दांडा फुटला आणि वर पिवळी फुलं. मोहरीच्या कुळातलं आहे म्हणे ते, उन्हाळा जाणवला की पानं वाढवायचं सोडून बी धरायच्या मागं लागतं. ते थंडीत लावायचं असतं हे मला ऑगस्टमध्ये कळलं. उरलेल्या पानांवर मावा पडला, निंबोळी अर्क मारून मारून शेवटी सात पानं हाताला लागली. मी कढई तापवली, लसूण टाकला, सोया सॉस घ्यायला वळलो तेवढ्यात हिनं मूठभर शेंगदाण्याचं कूट टाकलं. आईनं खाऊन सर्टिफिकेट दिलं, "मुळ्याचा पाला बरा झालाय."

मुळ्यावरनं आठवलं, डायकॉन म्हणजे मुळाच निघाला. यार्डलाँग बीन म्हणजे चवळीच्या शेंगा. बिटर मेलनबद्दल मी काही बोलत नाही, कारलं मलाही ओळखता येतं.

पण चायनीज ओक्रानं मात्र मला पुरतं गंडवलं. ओक्रा म्हणजे भेंडी, हे मला माहीत, म्हणून मी भेंडीच्या झाडाची वाट बघतोय आणि हा बाबा तणाव्यांनी केबलच्या वायरवर चढायला लागला. म्हटलं चिनी भेंडी असेल, त्यांचं सगळंच वेगळं. फुलं आली तीही संध्याकाळी उमलणारी, नर वेगळं मादी वेगळं, मागं बोटभर फळ असलेलं फूल मादी. फळ धरेना म्हणून पोरानं फोनवर सांगितलं, ब्रशनं परागकण लावा. मग काय, रोज संध्याकाळी साडेसहाला मी नातवाचा रंगाचा ब्रश घेऊन ह्या फुलातून त्या फुलात. शेजारच्या गच्चीवर वाळवण काढायला आलेल्या काकू हातातलं सोडून बघत बसायच्या. एके दिवशी राहवलं नाही त्यांना. त्या तेलुगू. म्हणाल्या, "बीरकाय लावलाय काय?" मी म्हटलं नाही हो, चायनीज ओक्रा. सकाळी दूधवाल्यानं मान वर करून बघितलं, तो अक्कलकोटकडचा, कन्नड, म्हणाला "हिरेकाई चांगली धरलीय की साहेब." शेवटी आईला धरून धरून वर आणलं. तिनं फळावरच्या शिरा बोटानं चाचपल्या आणि म्हणाली, "आरं, दोडका हाय की ह्यो."

तीन भाषांत पंचनामा झाल्यावर मी काय बोलणार? भाजी झाली, शिरांची तीळ घालून चटणी झाली. चटणी फर्स्टक्लास, हे मान्य करतो.

राहिलं विंटर मेलन. वेल ड्रममधून निघून पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला आणि तिथं एकच फळ धरलं, आधी लव होती, मग वर राख फासल्यासारखी पांढरी भुकटी आली. कोहळा! सात किलोचा! पोराला सूप करून फोटो पाठवायचा होता, पण ही म्हणाली बायकांनी कोहळा पहिला चिरायचा नसतो, तुम्ही कापा. मी विळी घेऊन बसतोय तोच गल्लीतले टॉवेलच्या कारखान्यावाले मालक दारात. दसऱ्याला मागांची पूजा, बाजारात मनासारखा कोहळा मिळेना, आणि टाकीवरचा हा त्यांनी महिनाभर हेरून ठेवलेला. पैसे घ्यायला मी नको म्हटलं, तर जाताना दोन टॉवेल ठेवून गेले.

पोराचा रात्री फोन आला, सूप कसं झालं? म्हटलं मऊ आहे, पाणी चांगलं शोषतं.