लाल पँटवाला नावालाच होता?

दादा, ‘कॉन्ट्रा’ या दोघांनी मिळून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमवरच्या ‘दोघांचा कॉन्ट्रा’ या माझ्या लेखाची तुम्ही प्रतिक्रियेत चांगलीच खरडपट्टी काढली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की तीनऐवजी तीस जीव मिळवून देणाऱ्या कोडबद्दल, म्हणजे सुरुवातीला ओळीनं दाबायच्या बटणांबद्दल, मी चुकीचं लिहिलं, गोष्ट ॲमेझॉनच्या जंगलात घडते हेही चुकीचं, आणि मुख्य म्हणजे ‘दुसरा हिरो नावालाच होता, पहिल्याचीच पँट रंगवून उभा केलेला. खेड्यातलं लहानपण म्हणून तुम्ही साऱ्यावर साखर पेरता.’

कोडचं आधी कबूल करतो. ‘वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए’ हे कॉन्ट्रासाठीच काढलं असं मी लिहिलं होतं, ते चुकलंच. गेम बनवणाऱ्या कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी ते त्याआधी, १९८६ साली, ‘ग्रेडियस’ हा दुसरा गेम टीव्हीला जोडायच्या घरच्या मशीनवर आणताना घातलं. तो गेम तपासताना त्यांना स्वतःलाच जमत नव्हता, म्हणून केलेली ती सोय होती. लेखातली ती ओळ आज बदलली.

ॲमेझॉनचं मात्र अर्धंच मान्य. जपानी गोष्टीत साल २६३३ आहे आणि जागा न्यूझीलंडजवळची गलुगा बेटं. अमेरिकेत गेम विकताना पुस्तिकेत ते साल गाळलं आणि लढाई ॲमेझॉनात नेऊन ठेवली. आमच्या पिवळ्या कॅसेटसोबत तर पुस्तिकाच नव्हती. आमच्या लेखी ते मेळघाटाचं जंगल होतं.

आता पँट. तुमचं खरं आहे, घरच्या मशीनवर बिल आणि लान्स या दोन हिरोंत पँटच्या रंगापलीकडं काही फरक नाही. बिल निळा, लान्स लाल. उडी तेवढीच, बंदूक तीच, जीव दोघांना तीन-तीन. पण दादा, आमच्याकडं तर तो रंगही नव्हता. आमचं गाव दारव्ह्याजवळचं आणि टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. बाबांना कापसाचा चुकारा मिळाला तेव्हा मामानं यवतमाळहून गेम आणून दिला आणि कॅसेटपुरते पैसे आम्ही तान्ह्या पोळ्याच्या बोजाऱ्यातून, म्हणजे त्या सणाला पोरांना मिळणाऱ्या पैशातून, घातले. त्या टीव्हीवर निळा काय अन् लाल काय, दोघंही राखाडी. गेम सुरू झाला की दोघंही आधी जागच्या जागी उड्या मारून बघायचो, ‘मी कोणता?’ म्हणून. मधेच हाणामारीत गोंधळ झाला की पुन्हा उडी. कितीदा तर मी भावाच्या माणसाकडं बघत माझा माणूस खड्ड्यात घातला आहे.

त्यामुळं दोघं सारखे असणं ही तुम्हाला उणीव वाटते, मला नाही वाटत. एकाला जास्त ताकद दिली असती तर मोठ्या भावानं तोच घेतला असता आणि मी आयुष्यभर लंगडा हिरो खेळलो असतो. तसाही पहिला रिमोट त्याच्याकडंच असायचा. दुसऱ्या रिमोटला स्टार्ट-सिलेक्टची बटणंच नव्हती, म्हणजे कोड टाकणं त्याच्या हाती, गेम थांबवणंही त्याच्या हाती. आई जेवायला हाक मारायची तेव्हा गेम थांबायचा तो नेमका माझ्यावर गोळी येत असताना नाही, त्याच्यावर येत असताना. पण एकदा का जंगलात उतरलो की तिथं त्याची वडीलकी चालत नव्हती.

‘नावालाच’ हा शब्द तर मला मुळीच पटत नाही. पहिल्या स्टेजमध्ये मागचा गडी डाव्या कडेला रेंगाळला की स्क्रीन पुढं सरकतच नाही. पुढचा कितीही शूर असो, त्याला थांबावं लागतं. मी मुद्दाम रेंगाळायचो. वरून ‘एस’ यायचा, पाच गोळ्या पंख्यासारख्या फेकणारी ती बंदूक. तो एकच यायचा आणि घेणारे दोन. मेलं की बंदूकही गेली. वाटून घ्या असं गेम कुठंच सांगत नाही, त्यामुळं ते भांडण आमचं आम्हालाच मिटवावं लागे. बहुतेक वेळा मिटत नसे.

आणि तिसरी स्टेज, धबधबा. तिथं वर चढायचं असतं. पुढचा जसा चढेल तशी स्क्रीन वर सरकते, आणि खाली राहिलेला स्क्रीनच्या खालच्या कडेला गेला की मेला. ना गोळी, ना राक्षस, सोबत्याची घाईच त्याला मारते. एकमेकांची गोळी एकमेकांना लागत नाही अशा गेममध्ये भावाला मारायची ही एवढीच एक वाट होती, आणि आमच्या दादानं ती पहिल्याच दिवशी शोधून काढली. त्यावर माझ्याकडंही औषध होतं. माझे जीव संपले की ए दाबायचं आणि त्याच्या शिलकीतला एक जीव उचलायचा. विचारायचं नाही. सावकारासारखं परत करायचंही नाही. तो वर चढत राहायचा आणि त्याच्याच जिवावर मी पुन्हा खालून उगवायचो. अशानं दोघांचे मिळून साठ जीवही पुरत नसत.

एकट्यानं खेळून तुम्ही तो गेम संपवला असेल, मी नाकारत नाही. नंतर मीही रंगीत टीव्हीवर एकट्यानं संपवला. धबधबा अगदी सोपा गेला. तेव्हा कळलं की मला जो अवघड वाटत होता तो धबधबा नव्हता.

राहिली साखर. माझ्या लेखात ती असेलही. पण भावाचा घेतलेला जीव आणि त्याबद्दल पाठीत बसलेला धपाटा, यात गोड काय आहे ते तुम्हीच सांगा.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री भावाला फोनवर वाचून दाखवली. तो आता शेती बघतो, तूर सोंगायची घाई चालू आहे त्याची. पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाला, ‘त्यायले इचार, धबधब्यात ते वर रायत होते का खाली?’