टोंबरं कोणी फुरवलं?

‘झिंपूने टोंबरं फुरवलं. टोंबरं लगेच गचमडलं.’ आता प्रश्न. टोंबरं कोणी फुरवलं? झिंपूने. मग टोंबऱ्याचं काय झालं? ते गचमडलं. दोन्ही उत्तरं बरोबर, दोन्हींना पूर्ण गुण, आणि झिंपू माणूस आहे की मांजर हेसुद्धा कोणाला कळलेलं नाही. पहिली ते चौथीच्या वर्गांत ‘उतारा वाचून उत्तरे लिहा’ या नावाखाली जे चालतं, त्यातलं बरंचसं याच जातीचं असतं. मूल प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकतं, ती ओळ जशीच्या तशी वहीत उतरवतं, बाई बरोबरची खूण करतात.

२०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवायची की नाही यावर रान पेटलं. १६ एप्रिलला शासन निर्णय आला, १७ जूनला तो बदलला, २९ जूनला दोन्ही मागे घेतले. सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादू नये, हे मला पूर्ण पटतं. पण इतक्या दुरून, इंग्लंडमधून, नाशिकच्या बातम्या आणि पालकांच्या चर्चा वाचताना एक गोष्ट सलते. भाषा कोणती, माध्यम कोणतं, बोर्ड कोणतं, यावर सगळे हिरीरीने बोलतात. तिसरीतलं मूल साठ शब्दांचा उतारा वाचून त्यात न लिहिलेलं ओळखतं का, स्वतःच्या मनातली पाच वाक्यं कागदावर उतरवतं का, हे मात्र कोणी विचारत नाही. तिसरी भाषा टळली म्हणून पहिलीचं वाचन आपोआप सुधारत नाही.

इकडे इंग्लंडमध्ये भांडण वेगळ्याच टोकाला आहे. चार वर्षं पूर्ण झालेलं मूल सप्टेंबरात शाळेत बसतं आणि पुढच्या इयत्तेच्या अखेरीस त्याची अक्षरवाचनाची चाचणी होते. ती २०१२ पासून सुरू आहे. शब्द ४०, त्यांतले २० मुद्दाम अर्थहीन ठेवलेले, म्हणजे मूल पाठांतरावर वाचतं की अक्षरं जोडून, ते कळतं. उत्तीर्णतेची रेषा बहुतेक वर्षी ३२ शब्दांवर. २६ अक्षरांत चव्वेचाळीसच्या आसपास ध्वनी कोंबलेल्या इंग्रजीला असल्या कवायतीची गरज आहे. मराठीला तेवढी नाही, आणि आपण घ्यायचा तो फायदा नेमका इथेच सोडून देतो.

देवनागरीत चिन्ह आणि आवाज यांची जोडी बरीचशी पक्की आहे. अडचणी आहेत, पण त्या मोजता येतात. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ डोळ्याला सारखे दिसतात. ‘कि’ची वेलांटी डावीकडे लिहायची आणि तिचा उच्चार नंतर करायचा. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, पण उच्चार आधी होतो. ‘आंबा’, ‘कांदा’, ‘पंखा’ या तिघांतला अनुस्वार तीन वेगवेगळे आवाज काढतो. ‘चहा’ आणि ‘चमचा’ यांतला च एक नाही. एवढं सांभाळलं आणि सगळी वर्णमाला एका दमात न घोकवता क, म, ल, न, र अशा गटाला काना जोडून सुरुवात केली, की दुसऱ्याच आठवड्यात ‘काम’, ‘कान’, ‘नाक’, ‘माल’ वाचता येतात आणि ‘राम, काम कर’ हे अख्खं वाक्यही. नियमित येणारं मूल दुसरीच्या मध्यापर्यंत जोडाक्षरांसकट अडखळत का होईना वाचू लागतं. इंग्रजी मुलाच्या मानाने वाचलेला तो वेळ अर्थाकडे आणि लेखनाकडे जायला हवा. तो जातो घड्याळाकडे.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाचं लक्ष्य असं : दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीच्या अखेरीस किमान ६०, आणि तेही समजून. ‘समजून’ हा शब्द तिथे लिहिलेला आहे. पण मिनिटाचे शब्द मोजणं सोपं आणि समज मोजणं कष्टाचं, म्हणून सराव पहिल्याचाच होतो. शिवाय मराठीचा शब्द लांब असतो. ‘झाडाखालच्या’ हा आपला एक शब्द, इंग्रजीत त्याचे तीन-चार सुटे शब्द होतात. वेगाचे आकडे एका भाषेतून दुसरीत उचलता येत नाहीत. फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये वाचनाचं जे सूत्र मांडलं त्यात अक्षरं उलगडणं आणि भाषा समजणं यांचा गुणाकार आहे, बेरीज नाही. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही वाढवा.

समज शिकवायची कशी, हे एका छोट्या उताऱ्यावरच दाखवते. दुसरीसाठी हा पुरे :

‘खळ्यात कांदा पसरलेला होता. दुपारी आभाळ भरून आलं. काकांनी वर पाहिलं. ते काहीच बोलले नाहीत. आईने न विचारता ताडपत्री ओढली. दादा वही तशीच टाकून धावला.’

‘काकांनी कुठे पाहिलं?’ हा झिंपूचाच प्रश्न. उताऱ्यामागे असा एकच विचारावा, तोही भिडस्त मुलाला बोलतं करण्यासाठी. पुढचा : ‘ते काहीच बोलले नाहीत’ यातले ‘ते’ कोण? इथे पुष्कळ मुलं चुकतात, कारण आदरार्थी ‘ते’ अनेकवचनासारखं दिसतं आणि मुलाला वाटतं, पुष्कळ माणसं गप्प बसली. ही मराठीची स्वतःची गाठ आहे, इंग्रजीच्या कोणत्याही कार्यपुस्तिकेत तिचा सराव मिळणार नाही. मग : आईने ताडपत्री का ओढली? पाऊस हा शब्द उताऱ्यात कुठेच नाही. आणि : आभाळ भरून यायच्या आधी दादा काय करत होता? उत्तर ‘वही’ या एका शब्दात दडलेलं आहे.

प्रत्येक उत्तरानंतर बाईंनी विचारायचा शब्द एकच, ‘कशावरून?’ तो चुकलेल्या उत्तरावरच विचारला तर मुलं दोन दिवसांत ओळखतात की ‘कशावरून’ म्हणजे आपलं चुकलं, आणि लगेच उत्तर बदलतात. म्हणून बरोबर उत्तरालाही तो विचारायचा.

चाळीस मिनिटांच्या तासाची विभागणी साधारण अशी बसते : ‘खळं’, ‘ताडपत्री’ अशा दोन-तीन शब्दांना पाच मिनिटं, बाईंच्या प्रकट वाचनाला पाच, जोडीने वाचायला दहा, तोंडी प्रश्नांना दहा, आणि उरलेल्या दहात एकच उत्तर लिहायचं. जोडीने वाचन हा यातला कणा आहे. एकाने उभं राहून वाचायचं आणि बाकीच्यांनी बोट ठेवायचं, या पद्धतीत पस्तीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम मिनिट येतं. सामूहिक वाचनात निम्मी मुलं नुसते ओठ हलवतात. जोडीत प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात आणि शेजारी ऐकणारा कान असतो.

नाशिक जिल्ह्यात निफाडच्या मुलाला खळं समजवावं लागत नाही, शहरात गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमधल्या मुलाला फोटो दाखवावा लागतो. सुरगाणा-पेठकडे घरात कोकणा आदिवासींची कोकणी बोलतात, सटाणा-मालेगावकडे अहिराणी. अहिराणी बोलणारं मूल ‘इथे-तिथे’ला ‘आठे-तठे’ म्हणतं, ‘माझा’ला ‘मन्हा’ म्हणतं. त्याने घरच्या बोलीत दिलेलं उत्तर आधी बरोबर धरावं आणि मग तेच वाक्य सगळ्यांनी मिळून प्रमाण मराठीत म्हणावं. पहिल्या फटक्यालाच प्रमाण भाषा मागितली तर आपण समज तपासतच नाही, आणि अर्थ कळलेलं मूलही गप्प राहतं.

लेखनाबद्दल मला अधिक तळमळीने बोलायचं आहे, कारण आपल्याकडे ‘शुद्धलेखन’ म्हणजे पुस्तकातलं पान उतरवणं, असा समज घट्ट बसला आहे. त्याने अक्षर सुधारतं, पण लेखन येत नाही. वाक्य आधी तोंडात तयार व्हावं लागतं. मुलाने ते मोठ्याने म्हणायचं, बोटांवर शब्द मोजायचे, लिहायचं, आणि पुन्हा मोजून पाहायचे. बोटं सहा आणि कागदावर शब्द पाच, म्हणजे एक गळला. ही तपासणी मूल स्वतः करतं. पहिलीत स्वतःच्या चित्राखाली एक वाक्य, दुसरीत एकाच गोष्टीबद्दल तीन, तिसरीत पाच-सहा, एवढी चढण पुरे.

वाक्य लांबवायला सगळ्यांत उपयोगी व्यायाम तीन शब्दांचा आहे. ‘गोदावरीला पूर आला’ एवढं फळ्यावर लिहून तेच ‘कारण’, ‘म्हणून’ आणि ‘पण’ लावून तीनदा पुरं करायला सांगायचं. पूर आला, कारण गंगापूर धरणातून पाणी सोडलं. पूर आला, म्हणून रामकुंडाजवळची दुकानं हलवली. पूर आला, पण पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेवर गेलं नाही. (नदीपात्रातल्या या मूर्तीवरून नाशिककर पुराची पातळी सांगतात.) ‘कारण’ आणि ‘म्हणून’ यांची अदलाबदल हमखास होते. ती झाली की ‘आधी काय घडलं?’ एवढंच विचारावं. ‘पण’ सर्वांत अवघड, कारण तिथे अपेक्षा आणि घडलेलं यांतली फट दिसावी लागते.

इंग्लंडमधल्या शाळांतली एक सवय उचलण्याजोगी आहे. शिक्षक मुलांसमोर स्वतः लिहितात, मोठ्याने विचार करत, खोडत, शब्द बदलत. लेखन खोडूनच होतं, हे मुलांना दिसतं. इथली न उचलण्याजोगी गोष्टही आहे : दहा-अकरा वर्षांच्या मुलांची व्याकरणाची वेगळी परीक्षा, ज्यात वाक्याच्या तुकड्यांना नावं द्यायची असतात. नाव देता येणं आणि तसं वाक्य लिहिता येणं यांत मोठं अंतर आहे.

वही तपासताना लाल पेन आवरावं. प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घावर गोल पडला की मूल सुरक्षित, छोटी वाक्यं लिहू लागतं. ‘द्राक्षं’चं ‘द्राक्ष’ झालं तर अर्थ बदलतो, ते सांगावं. ‘पाणी’चं ‘पाणि’ झालं तर शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, हा नियम त्या आठवड्यात सगळ्या वर्गाला शिकवावा. ‘फूल-फुलाला’, ‘गरीब-गरिबाला’ ही जोडी तिसरीत. एका वहीत दोनच दुरुस्त्या, त्यांतली एक अर्थाची.

इंग्लंडात पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या वर्गात एका शिक्षकामागे तीसपेक्षा जास्त मुलं ठेवायला कायद्याने बंदी आहे. त्र्यंबक-इगतपुरीकडच्या दोनशिक्षकी शाळेत पट लहान असतो, पण दोन इयत्ता एकत्र बसतात. तिथे तिसरी तीन शब्दांचा व्यायाम लिहीत असताना बाई चौथीबरोबर उतारा वाचतात आणि वीस मिनिटांनी अदलाबदल. द्राक्षांच्या हंगामात आईबापांबरोबर सुरगाण्याहून दिंडोरीकडे जाणाऱ्या मुलांचा वर्गच सुटतो. त्यांच्या पिशवीत दोन पातळ पुस्तकं आणि एक वही द्यायला हवी, आणि इथेच पुस्तकांचं कपाट आड येतं. १८४० पासून सार्वजनिक वाचनालय चालवणाऱ्या शहराच्या जिल्ह्यात पुस्तक फाटेल म्हणून शाळेचं कपाट कुलपात राहू नये. सोळा-सोळा पानांची तीस पुस्तकं वर्गाला वर्षभर पुरतात. काही फाटतील, तेवढी वर्षअखेरीस नवी घ्यावीत.

घरी नेलेलं पान मुलाने आजीला वाचून दाखवायचं, मग पुस्तक मिटायचं. ‘मग काय झालं?’ आणि ‘तुला कसं कळलं?’ हे दोन प्रश्न विचारायला आजीला अक्षरओळख लागत नाही. ती अहिराणीत विचारेल, मूल अहिराणीत सांगेल.