कळसाला सगळे देणगी देतात, गटाराला कोणीच नाही

हवाईतल्या कवाई बेटावर एक शैव मठ आहे, तिथलं इरैवन मंदिर म्हणजे पांढऱ्या ग्रॅनाइटचं शंकराचं देऊळ, त्याचे फोटो अधूनमधून फिरत असतात आणि खाली 'गर्व आहे', 'हर हर महादेव' वगैरे. गर्व ठीक आहे हो, पण मी सिव्हिलवाला माणूस, मला त्या देवळातलं जे सगळ्यात भारी वाटतं ते फोटोत येतच नाही कारण ते जमिनीखाली आहे.

आधी थोडक्यात. 1970 साली मठ सुरू झाला. गुरू सिवाय सुब्रमुनियस्वामी, जन्माने अमेरिकन, तरुणपणी चक्क बॅले डान्सर, मग श्रीलंकेत जाऊन जाफन्याच्या योगस्वामींकडून 1949 मध्ये दीक्षा घेतली. 1975 ला त्यांना त्याच जागेवर शिवाचं दर्शन झालं असं मठ सांगतो, आणि तिथून देवळाची कल्पना. नकाशे गणपती स्थपतींचे, कन्याकुमारीचा तिरुवल्लुवरांचा पुतळा ज्यांनी केला तेच. दगड घडवला बंगळूरजवळ, नव्वदीच्या सुरुवातीपासून, आणि मग कंटेनरमधून समुद्रापार. गुरू 2001 ला गेले, प्राणप्रतिष्ठा झाली मार्च 2023 मध्ये. म्हणजे ज्याने काम काढलं त्याने देऊळ पूर्ण झालेलं पाहिलंच नाही.

आता पाया. अट अशी होती की देऊळ हजार वर्षं टिकलं पाहिजे. आपल्याकडे असं कोणी सांगितलं तर कॉन्ट्रॅक्टर म्हणेल साहेब सळई डबल टाकू. तिथे बर्कली विद्यापीठातले काँक्रीटचे प्रोफेसर पी. कुमार मेहता होते, त्यांनी सळई टाकलीच नाही, एकही नाही! कारण सळई आज ताकद देते पण कधी ना कधी पाणी आत पोचतं, लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं आणि काँक्रीट आतून फोडतं. किनाऱ्याजवळच्या बिल्डिंगचा स्लॅब खालून पडलेला बघितलाय ना, तेच ते. मग 1999 मध्ये दोन-दोन फूट जाडीचे दोन थर ओतले, मिळून चार फूट, आणि खडी-वाळूला बांधणाऱ्या पावडरीत सिमेंट निम्म्याहून कमी, बाकी फ्लाय ॲश, म्हणजे वीजकेंद्रातली राख. एवढ्या जाड काँक्रीटमध्ये सिमेंट भरपूर असेल तर ते सेट होताना आतून तापतं, बाहेरून गार होतं आणि तडे जातात. राखेमुळे उष्णता कमी निघते, ताकद हळूहळू येते पण वर्षानुवर्षं येत राहते. घाई असलेल्या माणसाचं हे कामच नाही. आणि सळईशिवाय चालतं कसं, तर देवळाचं सगळं वजन सरळ खाली दाबतं, खालची जमीन नीट ठोकून पक्की केली की पायाला ताण घ्यावाच लागत नाही, नुसता दाब घ्यायचा, आणि दाबाला काँक्रीट वाघ आहे.

गंमत म्हणजे ही राख आपल्याकडे कोराडी, चंद्रपूरला डोंगराएवढी पडलीय. दुकानातून जी पीपीसी सिमेंटची गोणी आणतो त्यात ती 15 ते 35 टक्के असतेच, तरी साइटवर 'राखेचं सिमेंट नको' म्हणून नाक मुरडणारे लोक रोज भेटतात.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. दगड घडवायला मशीन वापरायचं नाही, सगळं छिन्नी-हातोड्याने, बोथट झालेली छिन्नी भट्टीत लाल करायची, ठोकून टोक काढायचं आणि परत दगडाला भिडायचं, असं वर्षानुवर्षं. कला टिकली, शिल्पींच्या कुटुंबांना पिढीभर काम मिळालं, हे मान्य, पण निदान कापणीला तरी मशीन घेतलं असतं तर देव रागावला नसता असं माझं आपलं मत. ग्रॅनाइटची धूळ फुफ्फुसात जाते ती भक्तीमुळे कमी होत नाही. (इथे शिव्या घालायला मोकळे आहात.)

आता बाग. खरं तर 'बाग' म्हणणं कमीच, कारण देवळाच्या कितीतरी आधी त्यांनी झाडं लावली, रुद्राक्षाचं अख्खं बन उभं केलं. रुद्राक्षाचं फळ झाडावर निळंशार असतं, गर काढला की आत आपला ओळखीचा मणी. शेजारून वायलुआ नदी वाहते, मागे वायलेआलेचा डोंगर, जगातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या जागांपैकी एक. एवढ्या पावसात पांढरा दगड म्हणजे शेवाळाला आमंत्रणच, तेव्हा पाणी कुठून येणार, कुठे जाणार हे आधी ठरवावंच लागतं. आणि मठातले साधू स्वतः राबतात, झाडं, गाई, सगळं तेच बघतात.

आणि आपल्याकडे? आमच्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धार चालू आहे. काळ्या दगडाच्या भिंतीला ऑइल पेंट, गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स, स्टीलचं चकाचक रेलिंग. पिंपळाच्या पाराभोवती खोडाला अगदी चिकटून पेव्हर ब्लॉक बसवलेत, खाली काँक्रीट, मुळांना पाणी जायला वीतभर जागा नाही. पावसाचं सगळं पाणी उलटं फिरून दीपमाळेच्या बुडाशी साचतं. मी म्हटलं आधी उतार काढा, गटार करा, तर एक काका म्हणाले, "अरे गटारावर नाव कुठे टाकणार देणगीदाराचं?" काकांचा मुद्दा चुकीचा नाही, पावती पुस्तकाचं अर्थशास्त्र त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

त्या मठाने बांधकामाच्या पैशाबरोबरच देखभालीचा कायमस्वरूपी निधीही उभा करायला घेतला, आणि कर्ज काढायचं नाही, पैसे येतील तसं काम, हे आधीच ठरवलं. म्हणून तर इतकी वर्षं लागली. आपल्याकडे उद्घाटनाला मंत्री येणार म्हणून तारीख आधी ठरते, आणि मग रात्रभर लाइट लावून स्लॅब.

हवाईसारखं करा असं मी म्हणत नाहीये, तेवढा पैसा आपल्या कुठल्याच गावाकडे नाही. पण पाराभोवतीचे चार ओळी ब्लॉक उचलायला कितीसे पैसे लागतात? रविवारी मीटिंग आहे, मी तेवढंच मागणार आहे, आणि गटाराचं. देणगीदाराचं नाव हवंच असेल तर चेंबरच्या झाकणावर टाकू की, कोणाची काय हरकत आहे.