१२ लिहिलंय, १९ आले, म्हणून ट्रान्सफॉर्मर डुप्लिकेट?

गणपती तोंडावर आले की बेळगावात घरोघरी अ‍ॅम्प्लिफायरची झाकणं उघडतात. त्यातच एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज फिरतोय: '१२-०-१२ ट्रान्सफॉर्मरवर डीसी १२ पेक्षा जास्त आला तर माल डुप्लिकेट. कंडेन्सर १६ व्होल्टचा पुरतो. जास्तीचे व्होल्ट मारायला ७८१२ आणि ७९१२ एकाच हीटसिंकवर कसा. तरी घूं आवाज आला तर प्लगची अर्थ तोडा.' चार वाक्यं आणि चारही चुकीची. (१२-०-१२ म्हणजे मधल्या वायरीपासून, म्हणजे सेंटर टॅपपासून, दोन्ही बाजूंना १२ व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर. ७८१२ आणि ७९१२ म्हणजे प्लस आणि मायनस १२ व्होल्ट पक्के धरून ठेवणारे रेग्युलेटर.)

खानापूरकडचा एक पोरगा हा मेसेज वाचून घरी केलेला टोन कंट्रोल घेऊन माझ्याकडे आला. "काका, बदलून द्या म्हटलं तर दुकानदार हसला की!" हसणारच. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ व्होल्ट एसीचे, तेही पूर्ण लोडवर. डायोड एसीचं डीसी करतात आणि कंडेन्सर चार्ज होतो तो लाटेच्या शेंड्याला, म्हणजे १.४१ पटीला. लोड नसताना छोटा ट्रान्सफॉर्मर वर तरंगतोच. याचा ५०० मिलीअँपिअरचा होता. घरच्या लाइटला २३२ असताना एका बाजूला १३.८ एसी दाखवत होता. गुणिले १.४१, वजा एका डायोडचे ०.७, झाले जवळजवळ १९. मग त्याच बाजूला २७ ओहमचा पांढरा सिमेंट रेझिस्टर लावला. मीटर सरकत १२.२ वर आला. ट्रान्सफॉर्मर अगदी अस्सल.

आणि हे वरचे व्होल्ट 'मारायचे' नसतात, त्यांची गरज असते. संध्याकाळी पंप सुरू झाले की आमच्या गल्लीत २०५ उरतात. मग १२ चे १०.७ होतात, शेंडा १५, डायोडनंतर १४.४. ०.३ अँपिअर ओढलात तर २२०० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरवर दर झोक्याला दीडेक व्होल्ट खाली जातो. उरले १३. ७८१२ ला आउटपुटपेक्षा साधारण दोन व्होल्ट जास्त लागतात. ते नाहीत, म्हणून झोके आउटपुटला येतात, तीच घूं.

१६ व्होल्टच्या कंडेन्सरबद्दल एवढंच, की १९ वर तो फुगतो. ३५ चा घ्या, दोन रुपयांसाठी जीव काढू नका.

खरी गंमत हीटसिंकची. पोराचं सर्किट मी सिरीज बोर्डवर, ४० वॉटच्या बल्बमधून लावलं, म्हणजे आत शॉर्ट असला तर बल्ब पेटून राहतो. बल्ब क्षणभर उजळून विझायला हवा होता. हा लालसर पेटला तो विझेचना. प्लसला १२ भरेनात, मायनसला जवळजवळ शून्य, ट्रान्सफॉर्मर हाताला गरम. "बघा, डुप्लिकेटच!" पोरगा म्हणाला. मी ७९१२ चा स्क्रू काढला, बल्ब विझला. ७८१२ ची धातूची पाठ ग्राउंडला असते, ७९१२ ची पाठ इनपुटला, म्हणजे उणे १९ ला. दोघांना मध्ये काही न घालता एकाच पत्र्यावर कसलं की मायनस सप्लाय सरळ ग्राउंडवर शॉर्ट. मेसेजचं तिसरं वाक्य पाळलं की पहिलं खरं वाटायला लागतं, अशी ही करामत! वेगवेगळे हीटसिंक वापरा, नाहीतर अभ्रक आणि प्लॅस्टिकचा बुश लावून कसा, आणि पाठ ते पत्रा कंटिन्युइटी बघा, बीप येता कामा नये. पायही सारखे नसतात. अक्षरं आपल्याकडे धरून डावीकडून ७८१२ चे इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१२ चे ग्राउंड, इनपुट, आउटपुट. हे उलटसुलट लावलेले तर मी दर वर्षी बघतो.

राहिली अर्थ. पत्र्याच्या डब्याची हिरवी वायर तोडायला सांगणाऱ्याला मी चहासुद्धा देणार नाही. आत फेज सुटून डब्याला लागली तर फ्यूज उडायला रस्ता तोच. तो तोडला की रस्ता हात लावणाऱ्याच्या अंगातून. मंडपात पायाखाली चिखल असतो, हे वेगळं सांगायला नको. पोराने वायर कापलीच होती, ती परत कसली. अभ्रक घालूनही बारीक घूं राहिली होती. टोन बोर्डाचं ग्राउंड त्याने सेंटर टॅप आणि कंडेन्सरच्या मधल्या वायरीवरून घेतलं होतं, जिथून चार्जिंगचे झटके जातात. ते उचलून दोन्ही मोठ्या कंडेन्सरांचे पाय जुळतात त्या जागी झाळलं. स्पीकर गप्प झाला.