शेडमधलं टेबल

दादाची किडनी आईची आहे. २०१७ ला ट्रान्सप्लांट झालं. शरीरानं ती परकी समजून नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमसची गोळी रोज ठरल्या वेळेला, जन्मभर. ही गोळी प्रतिकारशक्ती दाबूनच काम करते. तुम्हा-आम्हाला दोन दिवस अंथरुणात ठेवणारा ताप दादाला थेट आयसीयूत नेऊ शकतो.

जून २०२० मध्ये, कोरोना चालू असतानाच, त्याच्या वाळूजच्या कंपनीतून फोन आला : सोमवारपासून या, नाहीतर बिनपगारी. जुने आजार असलेल्यांनी घरीच थांबावं, अशी केंद्राची सूचना होती. पण तो नुसता सल्ला. पगाराचं काय, ते त्यात नव्हतं. दादा गेला. पावसामुळं बसच्या खिडक्या लावलेल्या. बस वळेपर्यंत आई दारातून हलली नाही.

त्याला सांभाळलं स्टोअरच्या साहेबांनी. दुसऱ्याच दिवशी दादाचं टेबल आतल्या खोलीतून काढून मालाच्या शेडमध्ये मांडलं, तिन्ही बाजूंनी वारं. चलनांचे फोटो व्हॉट्सॲपवर. बसऐवजी स्वतःची गाडी, गेटवरची गर्दी ओसरली की आत यायचं, अंगठ्याऐवजी रजिस्टरवर सही. डिपार्टमेंटला सांगितलं, ‘शेडचं काम वाढलंय.’ आजाराचा बोभाटा झाला नाही. कंपनीचा जादा खर्च? काहीच नाही!

तरी मला राग येतो, कारण हे सगळं एका माणसाच्या चांगुलपणावर चाललं होतं. तिथंच ठेकेदाराकडचा एक पोरगा संडासात जाऊन इन्शुलिन टोचून घ्यायचा. कळलं तर उद्या गेटपास मिळणार नाही, ही भीती. त्यानं कुणाकडं बोलायचं?

१ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या आजारी लोकांना लस सुरू झाली. आजारांच्या यादीत किडनी ट्रान्सप्लांट होतं, पण दादा ४१ चा. म्हणून थांबला. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आहेत, ट्रान्सप्लांट नाही. आणि कामाच्या जागी वाजवी सोय करून देण्याची त्यातली सक्ती सरकारी आस्थापनांना.

माझं म्हणणं एवढंच, कामगारानं आजाराची चिठ्ठी फक्त कंपनीच्या डॉक्टरांना द्यावी, डॉक्टरांनी आजाराचं नाव न घेता काय सोय हवी ते लिहून द्यावं, आणि ती सोय ठेकेदाराच्या माणसालाही मिळावी. लेखी.

साहेब गेल्या वर्षी रिटायर झाले. नव्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात टेबल आत नेलं. दादा काही बोलला नाही.