वीस वॅटच्या पॅनेलवर रात्रभर पंखा? हिशेब करून बघा

उन्हाळा लागला की शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हटकून फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच. वीस वॅटचं सोलर पॅनेल घ्या, घरात पडलेली गाडीची जुनी बॅटरी घ्या, दोन वायरी जोडा आणि वस्तीवर पंखा, टीव्ही, दिवे रात्रभर फुकट चालवा. बॅटरी जादा चार्ज होऊ न देणारा चार्ज कंट्रोलर म्हणे दुकानदारांची लूट. ऊन जेवढं कडक तेवढी वीज जास्त. वर सरकारी अनुदानही आहेच, खाली ‘नोंदणी’ची लिंक.

छोट्या पॅनेलचा यात काही दोष नाही. रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेली झटका मशीनं गावोगाव अशाच पॅनेलवर चालतात. घोळ आहे तो आकड्यांत.

आधी पंखा-टीव्हीचं बघू. पॅनेलच्या मागच्या लेबलावर जे २० वॅट लिहिलेले असतात ते प्रयोगशाळेतले : चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश. आपल्याकडे निरभ्र दिवशी अशा भरघोस उन्हाचे साधारण ५ तास धरतात. म्हणजे दिवसाचे झाले १०० वॅट-तास (एक वॅट तासभर चालला की एक वॅट-तास). उष्णता, धूळ, वायर आणि बॅटरी यांतली घट काढली की हातात पडतात ६०-७०. छताचा साधा पंखा ७५ वॅट खातो, म्हणजे दिवसभराची कमाई तासाभरात फस्त! ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा घेतलात तर दोन तास, फार तर थोडं वर. टीव्हीचं नावही काढू नका. तेवढ्याच विजेवर ५ वॅटचा एलईडी बल्ब मात्र रात्रभर जळतो, आणि फवारणी पंपाची १२ व्होल्ट, ८ एएचची (अँपियर-तासांची) बॅटरी (१२ गुणिले ८, म्हणजे ९६ वॅट-तास) दीड दिवसात भरते. छोट्या पॅनेलचं खरं काम हे.

त्यावर कुणीतरी हमखास लिहितो, ‘मग बॅटरी मोठी घ्या.’ बॅटरी वीज साठवते, तयार करत नाही. इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. ती अर्धी उतरली, तर वीस वॅटच्या पॅनेलला ती पुन्हा भरायला जवळजवळ दोन आठवडे लागतील, तेही मध्ये एकही दिवा न लावता.

गाडीच्या जुन्या बॅटरीचंही तसंच. तिच्या प्लेटा पातळ असतात, कारण स्टार्टरला काही सेकंद शेकडो अँपियर द्यायचे एवढंच तिचं काम. तिला रोज रात्री खाली उतरवलं की काही महिन्यांत ती बसते. रोजच्या उतरचढीला ट्यूब्युलर बॅटरी (इन्व्हर्टरला लावतात तसली) लागते. जुनीच वापरून बघायची असेल, तर आधी पूर्ण चार्ज करा, काही तास तशीच ठेवा आणि मल्टीमीटर लावा. १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवलं तर जीव आहे म्हणायचा, पण नुसत्या व्होल्टवर जाऊ नका, दिवा लावून किती वेळ टिकते तेही बघा. १०.५ वरच अडकली असेल तर बॅटरीच्या आतला एक सेल गेलेला आहे. मग कितीही ऊन दाखवा, ती भंगारातच द्यायची.

कंट्रोलरबाबत मेसेजमध्ये कणभर तथ्य आहे, तेवढं मान्य करू. पॅनेलचा करंट बॅटरीच्या क्षमतेच्या एक-दोन टक्क्यांत असेल, म्हणजे ४० एएचला ५ वॅटचं पॅनेल, तर कंट्रोलरशिवाय भागतं. रात्री करंट उलटा पॅनेलकडे जाऊ नये म्हणून एक डायोड मात्र हवा. पण झटका मशीनच्या ७-८ एएचच्या ड्राय बॅटरीला वीस वॅटचं पॅनेल थेट जोडलंत की खेळ संपला. कशालाही न जोडलेल्या मोकळ्या पॅनेलला २१-२२ व्होल्ट असतात. बॅटरी भरली तरी करंट थांबत नाही, व्होल्टेज साडेचौदाच्या वर चढतं, आतल्या पाण्याचा वायू होतो आणि डबी फुगते. हे टाळणारा साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर काहीशे रुपयांत मिळतो. जोडताना त्याला आधी बॅटरी लावायची, मग पॅनेल. काढताना उलटं.

या मेसेजमध्ये फ्यूजचा मात्र उल्लेखही नसतो, आणि मला खरा राग त्याचा येतो. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण वायर घासून शॉर्ट झाली की हीच बॅटरी शेकडो अँपियर ओकते आणि वायर क्षणात लाल होते. गोठ्यात, कडब्याच्या गंजीशेजारी हे झालं तर? बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागूनच, वायरला झेपेल एवढा फ्यूज टाकायचा.

कडक उन्हाचा दावा तर सरळ उलटा आहे. वीज प्रकाशाने तयार होते, उष्णतेने घटते. सिलिकॉन पॅनेलची ताकद २५ अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के कमी होते. विदर्भात मे महिन्यात सेल ६५ अंशांवर सहज जातो, म्हणजे १६ टक्के गेले. पॅनेल पत्र्याला चिकटवून ठोकू नका, खालून वारं खेळू द्या. तोंड दक्षिणेला, कल अठरा-वीस अंशांचा. झावळीची सावली कोपऱ्यातल्या एक-दोन सेलांवर पडली तरी अख्ख्या पॅनेलची वीज धाडकन उतरते, कारण सगळे सेल एकाच माळेत असतात. भरल्या आभाळाखाली दहा-वीस टक्के मिळाले तरी पुष्कळ.

राहिलं अनुदान. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना घराच्या छतावरच्या, महावितरणसारख्या कंपनीच्या लाइनला जोडलेल्या संचांसाठी आहे : २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,०००, आणि ३ किलोवॅट व त्यावर एकूण ७८,००० रुपये. वस्तीवरच्या वीस वॅटला त्यातून छदामही मिळत नाही. शिवाय तसा बिनबॅटरीचा संच लाइट गेली की आपोआप बंद होतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. तेव्हा मेसेजखालची ‘नोंदणी’ची लिंक आधार नंबर आणि बँक खातं मागत असेल, तर तिच्यावर बोट ठेवू नका.