क्लिंगॉनच्या कपाळाबद्दल खुलासा

क्लिंगॉन म्हणजे ‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथा मालिकेतली परग्रहावरची लढवय्यी जमात. नांदेड-परभणीकडच्या आपल्या ‘स्टार ट्रेक’प्रेमी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय: ‘जुन्या मालिकेत क्लिंगॉनचं कपाळ सपाट आणि नंतर उंचवट्यांचं, ही निर्मात्यांची चूक आहे, तिचं उत्तर मालिकेत कधीच दिलं नाही.’ हे खरं नाही.

1967 मध्ये क्लिंगॉन पहिल्यांदा दिसले तेव्हा रंगभूषेला पैसा तुटपुंजा होता. 1979 च्या चित्रपटात कपाळावर उंचवटे आले. पुढे 1996 मध्ये ‘डीप स्पेस नाइन’ या पुढच्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या एका भागात वॉर्फ हा उंचवट्यांच्या कपाळाचा क्लिंगॉन जुन्या काळात पोहोचतो आणि सपाट कपाळाचे क्लिंगॉन पाहून सोबतचे त्याला कारण विचारतात. तो एवढंच म्हणतो की, बाहेरच्यांशी आम्ही यावर बोलत नाही. मला हे उत्तर फार आवडतं. लाजेची गोष्ट घरातच ठेवणारा मानी माणूस आपल्याकडेही गावोगावी भेटतो.

खरं कारण 2005 मध्ये ‘एंटरप्राइज’ या आणखी एका ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या सलग दोन भागांत आलं. बलवान योद्धे घडवण्यासाठी क्लिंगॉन शास्त्रज्ञांनी जनुकं बदलून जास्त ताकदवान केलेल्या मानवांची जनुकं वापरली, त्यातून जीवघेणा विषाणू पसरला. उपचारानं जीव वाचले, पण कपाळं सपाट राहिली.

एक मुद्दा मात्र टीकाकारांचा बरोबर आहे. जुन्या मालिकेतले कोर, कांग आणि कोलोथ हे तीन क्लिंगॉन 1994 मध्ये ‘डीप स्पेस नाइन’च्या एका भागात त्याच कलाकारांसह परतले ते थेट उंचवट्यांसकट. त्यांचं कपाळ कसं बदललं, हे त्या भागात कुणी सांगत नाही. वाद घालायचा तर यावर घाला, आणि तो जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नका.